अंगठा आमचा, मसुदा त्यांचा

'कायदा कोण करते?' असा प्रश्न राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आला, तर आपल्यापैकी प्रत्येक जण 'संसद' असे एका शब्दात उत्तर लिहील आणि परीक्षकही त्याला निमूटपणे पुरते गुण देतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. संसद कायद्याला मंजुरी देते. त्याचा मसुदा मात्र तिच्यापुढे येण्याआधी बऱ्याच हातांतून गेलेला असतो. ते हात कोणाचे, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते. इंटरनेट, मोबाईल आणि आपली खाजगी माहिती यांविषयी गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात जे कायदे व नियम झाले, त्यांचा इतिहास वाचताना माझ्या मनात एक चीड साठत गेली. ती या पानांतून मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ही चीड कंपन्या पैसा मिळवतात याची नाही. व्यापाऱ्याने व्यापार करावा, चार पैसे गाठीला बांधावेत. आग्रा रोडवरच्या दुकानदाराला जे क्षम्य, ते अमेरिकेतल्या कंपनीलाही क्षम्य. चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्या तराजूत आपला माल तोलला जायचा, तो तराजूही व्यापाऱ्यानेच घडवून द्यावा, सरकारने त्यावर शिक्का मारावा, आणि 'हे सारे तुमच्याच भल्यासाठी' असे वर आपल्यालाच ऐकवले जावे, याची ती चीड आहे.

या प्रकारातला पहिला मोठा पाठ आपल्याला २०१५ साली मिळाला. त्या वर्षी फेसबुक कंपनीने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात एक योजना आणली. आधी तिचे नाव 'इंटरनेट डॉट ऑर्ग' होते, मग 'फ्री बेसिक्स' झाले. योजना वरकरणी दानधर्माची होती. ज्यांच्यापाशी इंटरनेटसाठी पैसे नाहीत, त्यांना काही ठरावीक संकेतस्थळे फुकट पाहता येणार होती. त्या यादीत कोणाला प्रवेश द्यायचा, याच्या अटी मात्र कंपनी ठरवणार होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, बाजार समितीच्या दारात एकाने उभे राहायचे, आपल्या अटी मानणाऱ्या अडत्यांकडे शेतकऱ्याला फुकट सोडायचे, बाकीच्यांकडे जायचे तर पैसे मागायचे, आणि या व्यवस्थेला बाजार खुला केला असे म्हणायचे.

डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून टीकाकारांना उत्तर दिले. त्या लेखाचा नायक होता गणेश नावाचा महाराष्ट्रातला एक शेतकरी. या गणेशला योजनेमुळे पावसाचा अंदाज कळू लागला, मालाचे भाव कळू लागले, त्याची शेती सुधारली; मग त्याच्या भल्याच्या आड का येता, असा लेखाचा सूर होता. मला या गणेशचे फार कुतूहल वाटते. त्याला आडनाव नव्हते, गाव नव्हते, तालुका नव्हता. त्याने स्वतः काही म्हटल्याचेही दिसले नाही. त्याच्या वतीने जगातला एक अतिश्रीमंत माणूस बोलत होता. आपल्या कापसाला भाव मिळत नाही, बोंडअळीने पीक खाल्ले, वीज रात्रीची मिळते, असे जे खानदेशातला खराखुरा गणेश बोलला असता, त्याला त्या लेखात जागा नव्हती.

त्याच सुमारास दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, या विषयावर जनतेची मते मागवली होती. कंपनीने वर्तमानपत्रांतून पानभर जाहिराती दिल्या आणि फेसबुक उघडणाऱ्यापुढे एक तयार पत्र ठेवले. बटण दाबले की पत्र रवाना. अशी लाखो पत्रे प्राधिकरणाकडे गेली. प्राधिकरणाने विचारलेल्या नेमक्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती, अशी तक्रार खुद्द प्राधिकरणालाच करावी लागली. लोकमत तयार करण्याचा असा कारखाना आपल्याकडे याआधी कोणी काढला नव्हता. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने निरनिराळ्या मजकुरासाठी निरनिराळे दर लावण्यास मनाई केली आणि ती योजना भारतात बंद पडली. विद्यार्थी, संगणकाचे तंत्रज्ञ, वकील, पत्रकार अशा साध्या नागरिकांनी मिळवलेला हा विजय होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये त्याच फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के भाग घेतला. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. पण दाराशी अडवलेला पाहुणा काही वर्षांनी घराचाच भागीदार होऊन आला, हेही विसरता येत नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या गावात देण्यात आले. टेंभली शहादे तालुक्यात, नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा होईपर्यंत तो सारा मुलूख आपल्या धुळे जिल्ह्याचाच होता. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या आदिवासी खेड्यात आल्या होत्या. ज्यांच्यापाशी कसलाही कागद नाही, त्या गरिबाला ओळख मिळावी, हा हेतू तेव्हा सांगितला गेला, आणि तो हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही.

पण २०१६ च्या आधार कायद्यात कलम ५७ आले. या कलमाने खाजगी कंपन्यांनाही हा क्रमांक ओळख पटवण्यासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली. टेंभलीच्या माणसाच्या रेशनसाठी घेतलेला बोटाचा ठसा आता मोबाईलचे सिमकार्ड विकणाऱ्याच्याही कामाला आला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार योजना उचलून धरली, तरी खाजगी कंपन्यांना दिलेली ही मुभा घटनाबाह्य ठरवली. आपल्याला वाटावे, प्रश्न मिटला. परंतु मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, जुलैमध्ये दुरुस्ती कायदा झाला, आणि बँका व दूरध्वनी कंपन्या यांच्यासाठी नवी वाट तयार झाली, ग्राहकाने 'स्वेच्छेने' आधार दिले तर ते चालेल अशी. पुढे जानेवारी २०२५ च्या नियमांनी ही वाट इतर खाजगी संस्थांसाठीही रुंद केली. न्यायालयाने दार लावावे आणि कायदेमंडळाने खिडकी काढून द्यावी, असा हा प्रकार आहे. खिडकीतून कोणाला आत यायचे होते, हे वेगळे सांगायला नको. टेंभलीच्या माणसाने तर ती मागितली नव्हती.

दुसरी हकीकत अधिक कटू आहे आणि तीही आपल्याच जिल्ह्यातली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या गावात आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जिवे मारले. धुळे जिल्ह्याचे नाव तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. ते ज्या कारणासाठी आले, त्याने आपली मान आजही खाली जाते.

यानंतर काय झाले ते पाहा. सरकारने कंपनीला पत्र लिहून जबाबदारीची जाणीव दिली. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा कशी ओळखावी ते शिकवले आणि एक निरोप एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारने नवे नियम काढले. त्यांनुसार न्यायालयाचा किंवा अधिकृत यंत्रणेचा आदेश आल्यास निरोप मुळात कोणी पाठवला, हे मोठ्या कंपन्यांनी शोधून द्यायचे होते. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. निरोप कुलूपबंद असतात, ते कुलूप फोडायला लावाल तर आम्हाला देश सोडावा लागेल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितले.

या वादात माझे मत काय? निरोपाचे कुलूप शाबूत राहावे, असेच माझे मत आहे. पोस्टाचे पाकीट वाटेत कोणी फोडू नये हा जसा सभ्य समाजाचा नियम, तसाच हा. पण हे कुलूप माझा हक्क म्हणून शाबूत राहावे. एखाद्या कंपनीच्या कृपेने नव्हे. कारण जी कंपनी न्यायालयात ग्राहकाच्या खाजगीपणाची बाजू मांडते, तिनेच जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नव्या अटी मान्य करा, नाहीतर सेवा विसरा, असे त्याच ग्राहकांना बजावले होते. या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, आणि वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने आदेशाचा काही भाग रद्द केला, तरी दंड कायम ठेवला. म्हणजे सरकारपासून माझे रक्षण करायला कंपनी उभी आणि कंपनीपासून माझे रक्षण करायला सरकार उभे, असे चित्र. प्रत्यक्षात दोघांच्या मध्ये माझी माहिती आहे, मी कोठेच नाही.

आणि राईनपाड्याचे ते पाच जण? निरोप पाचांना जावा की वीसांना, त्याचा मूळ कर्ता सापडावा की न सापडावा, या साऱ्या वादात त्यांचा प्रश्न हरवलाच. अनोळखी भटका म्हणजे चोर, ही समजूत मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. पालावरच्या माणसाला ओळखपत्र दाखवूनही विश्वास मिळत नाही, ही आपल्या समाजाची व्याधी आहे. तिच्यावर ना कंपनीच्या जाहिरातीत उपाय होता, ना सरकारच्या नियमात. कायद्याची चर्चा दोन बलाढ्य पक्षांच्या सोयीने होऊ लागली की, ज्यांच्या नावाने ती सुरू झाली ते मागे पडतात.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, 'तुम्हीच तर संमती दिली होती.' नवे ॲप घेताना आपण 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवतो, हे खरे. त्या बटणामागे लांबलचक इंग्रजी मजकूर असतो. तो कोण वाचतो? वाचला तरी नाकारून चालते का? ज्या गटावर परीक्षेचे वेळापत्रक येते, ज्या मोबाईलवर शिष्यवृत्तीचा सांकेतिक अंक येतो, तो बाजूला ठेवून शिकणे आज आपल्यापैकी कितींना शक्य आहे?

मला येथे इतिहासाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट आठवते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. न वाचता येणाऱ्या ज्या कर्जखतांवर त्यांचे अंगठे उमटले होते, ती खते त्यांनी जाळली. सावकाराची बाजू कायद्याने अगदी भक्कम होती, अंगठा कुळाचाच होता! तरीही परक्या इंग्रज सरकारला १८७९ चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या त्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कुळाचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे अशी तरतूद केली. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व महाराष्ट्राच्या मातीत जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य झाले आहे. ते आज आपण विसरावे काय?

आता आपल्या नव्या कायद्याकडे पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. तो खटला लढवणारे न्या. पुट्टस्वामी हे वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश होते. त्या निर्णयानंतर समिती नेमली गेली, विधेयक आले, संयुक्त संसदीय समितीकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला.

या कायद्यात चांगले काहीच नाही असे नाही. संमती मागणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही, म्हणजे मराठीतही मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. माहितीची राखण नीट न करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पुढचे वाचा. हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही येत नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे कलम ४३-अ काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करू नये असे बंधन मात्र नागरिकावर आहे, आणि ते मोडल्यास त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. चोरी झाली तर दंड सरकारला, आणि फिर्याद पोकळ ठरली तर दंड फिर्यादीला!

याहून मोठा घाव माहितीच्या अधिकारावर पडला आहे. महाराष्ट्राने हा अधिकार २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या आधीच आंदोलनातून मिळवला होता. त्या केंद्रीय कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा विचार करण्याची जी अट होती, ती नव्या कायद्याने काढली आणि सरसकट वैयक्तिक माहिती नाकारण्याची सोय केली. सार्वजनिक हिताचे दुसरे कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे अधिकाऱ्याच्या मनावर. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची खोटी नावे उद्या कोणी मागितली, तर 'ही वैयक्तिक माहिती' असे उत्तर तयार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम जाहीर झाले तेव्हा कंपन्यांच्या बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली; माहितीच्या अधिकारातला बदल मात्र तत्काळ लागू झाला. कोणाची सोय आधी पाहिली गेली, हे समजायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

काही प्राध्यापक आणि मित्र म्हणतील, कंपन्यांनीही आपले म्हणणे मांडावेच ना? लोकशाहीत त्यांना तोंड बंद ठेवायला कसे सांगणार? मान्य. त्यांना तंत्र कळते, त्यांची अडचण ऐकलीच पाहिजे. माझा आक्षेप त्यांच्या बोलण्यावर नाही, बंद दाराआड बोलण्यावर आहे. ट्राय आपल्याकडे आलेली मते सर्वांना वाचायला ठेवते, आणि त्यांवर प्रतिमत मांडायलाही वेळ देते. २०१६ चा विजय त्यामुळेच शक्य झाला; कोणती कंपनी काय मागते आहे हे सगळ्यांना दिसत होते. याउलट वैयक्तिक माहिती कायद्याच्या २०२२ च्या मसुद्यावर आणि २०२५ च्या नियमांच्या मसुद्यावर जी मते आली, ती उघड केली जाणार नाहीत असे केंद्रीय मंत्रालयाने आधीच जाहीर केले होते. कोणत्या कंपनीने कोणते वाक्य बदलायला सांगितले आणि ते बदलले की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. नागरिकाची माहिती उघडी आणि कंपनीचे निवेदन गुप्त, हा कसला खाजगीपणाचा कायदा?

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. जो कोणी कायद्याच्या मसुद्यावर मत पाठवील, मग ती कंपनी असो वा आपल्यासारखा विद्यार्थी, त्याचे मत सर्वांना वाचायला मिळावे. मसुदा मराठीतही निघावा, कारण ज्या भाषेत संमती मागायची त्या भाषेत कायदाही समजला पाहिजे. आणि कंपनीला झालेल्या दंडातला वाटा ज्याचे नुकसान झाले त्याला मिळावा. यात क्रांती वगैरे काही नाही. साधा हिशेब आहे.

मित्रहो, 'आपण देवपूरच्या एका कला महाविद्यालयातले विद्यार्थी, आपले कोण ऐकणार?' असे म्हणणे सोपे आहे. पण २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा त्या कायद्याच्या कलम ६६-अ ला आव्हान देणारी श्रेया सिंघल अवघी एकवीस-बावीस वर्षांची होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. आपल्या शहरात राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते १९२७ मध्ये उभे राहिले, त्या इतिहासाचार्यांनी घरोघर हिंडून जुनी दप्तरे जमवली आणि जे मिळाले ते छापून सर्वांपुढे ठेवले. कागद कपाटात राहिला तर तो एकाचा, छापला गेला तर सर्वांचा, ही शिकवण पांझरेकाठच्या मुलांना कोणी नव्याने द्यायला नको.

आपल्या महाविद्यालयात वाङ्मय मंडळ आहे, तसे मसुदे वाचणारे एक छोटे मंडळ का असू नये? महिन्यातून एक दुपार, एक सरकारी मसुदा, दोन प्राध्यापक आणि दहा विद्यार्थी पुरेत. इंग्रजी कलमे मराठीत समजून घ्यावीत, आपल्या तालुक्यातल्या माणसावर त्यांचा काय परिणाम होईल ते लिहावे, आणि मुदतीच्या आत दिल्लीला पाठवावे. पाठवलेल्या पत्राची एक प्रत ग्रंथालयाच्या फलकावरही लावावी. दिल्लीने ते वाचले नाही, तरी येता-जाता थांबणारे चार विद्यार्थी तरी वाचतील.